लंडन ते पॅरिस : वाट किती, वेळ किती?



आज आपण एक प्रवास मोजू. लंडन ही इंग्लंडची राजधानी. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी. दोन्ही शहरे युरोपात आहेत. दोन्ही देशांच्या मध्ये समुद्र आहे. त्याला इंग्लिश खाडी म्हणतात. अगदी अरुंद जागी ही खाडी ३३ किलोमीटर रुंद आहे.

सरळ रेषेत मोजले, तर लंडनहून पॅरिस सुमारे ३४० किलोमीटर. जुन्या हिशेबाने शंभर कोसांच्या वर.

पूर्वी लोक आगगाडीने किनाऱ्यावर येत, बोटीने खाडी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत. १९०९ साली ब्लेरियो नावाच्या फ्रेंच माणसाने विमानातून खाडी ओलांडली. त्याला सुमारे ३७ मिनिटे लागली. पुढे १९१९ साली लंडन-पॅरिस रोजचे विमान सुरू झाले. तेव्हा अडीच तास लागत. आज सव्वा तास लागतो.

मग लंडनचा माणूस सव्वा तासात पॅरिसला पोचतो का? थांबा. आपण हिशेब करू.

विमानतळ शहराबाहेर असतो. तिथे जायला एक तास धरा. विमान सुटण्याआधी दोन तास हजर राहावे लागते. सामान आणि कागद तपासतात. मग विमानाचा सव्वा तास. उतरल्यावर पॅरिस शहरात जायला आणखी सव्वा तास. बेरीज करा. साडेपाच तास झाले की नाही?

आता आगगाडी पाहू. १९९४ साली खाडीखालचा बोगदा सुरू झाला. तो ५० किलोमीटर लांब आहे. त्यातले ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखाली आहेत. गाडी सुमारे सव्वादोन तासांत पॅरिसला जाते. दोन्ही स्टेशने शहरातच आहेत. आधी येऊन थांबण्याचा आणि घरून स्टेशनावर जाण्या-येण्याचा वेळ धरला, तरी चार-साडेचार तासांत काम होते. म्हणजे विमान वेगवान खरे, पण माणूस गाडीने आधी पोचतो!

आणखी एक गंमत बघा. तिकिटावर लिहिले आहे : लंडनहून सुटणार १० वाजता, पॅरिसला पोचणार १२ वाजून १५ मिनिटांनी. तुम्ही म्हणाल, सव्वादोन तास लागले. तसे नाही. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. तो तास वजा करा. परत येताना उलट होते. पॅरिसहून १० वाजता निघालेले विमान लंडनला सव्वादहाला उतरते. पंधरा मिनिटांत कोण येईल, बरं? तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते. पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते.

हे ज्याला ठाऊक नाही, त्याची फसगत होते. कुणाचे पुढचे विमान चुकते. कुणी आणायला जातो आणि तासभर उशिरा पोचतो.

आपल्याकडचीही मुले आता परदेशी जातात. मुलगा फोनवर सांगतो, "आई, माझे विमान दहाला सुटते." तेव्हा आईने विचारावे, "बाळा, कुठल्या घड्याळाचे दहा?" लंडनचे घड्याळ आपल्या मागे असते. उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच तास.

मंडळी, आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता आकडेही समजून वाचू. मग घरच्या माणसाची वाट पाहताना जिवाला उगाच घोर लागणार नाही.