मराठी विद्यार्थ्यांनी फ्रेंच का शिकावे

मराठी भाषा संस्कृतपासून प्राकृत आणि अपभ्रंश या अवस्थांतून कशी घडत आली, तिच्यातील ध्वनी कसे बदलले आणि तिचे विभक्तिप्रत्यय कोठून आले, याचे सविस्तर विवेचन करणारा आणि आजही आधारभूत मानला जाणारा ग्रंथ ज्यूल ब्लॉक या पॅरिसच्या भाषाशास्त्रज्ञाने फ्रेंच भाषेत लिहिला व तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये निघाला, आणि इंग्रजी भाषांतराला तर १९७० साल उजाडावे लागले. याचा अर्थ असा की, मराठी अनुवाद निघेपर्यंत एकवीस वर्षे मराठीच्या इतिहासाचा हा पायाभूत ग्रंथ वाचण्याची वाट फ्रेंचमधूनच जात होती, आणि केवळ इंग्रजीवर विसंबून राहिलेल्या अभ्यासकाला आपल्याच भाषेविषयीचे हे ज्ञान तोवर बंद राहिले असते.

महाराष्ट्रात शाळेत किंवा अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकांचा हेतू चांगले गुण मिळवण्याचा असतो, आणि परीक्षा संपली की भाषाही सुटते. हा हेतू हीन नाही, पण अपुरा आहे. नोकरी आणि परदेशी शिक्षण ही कारणेही खरी आहेत. जगभरच्या फ्रेंच भाषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार ही भाषा बोलणारे सुमारे ३२ कोटी १० लाख लोक आहेत व त्यांतील निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या दोन भाषांपैकी ती एक आहे आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्याही दोन अधिकृत भाषांपैकी एक आहे. हे सर्व माहितीपत्रकांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. जे पोहोचत नाही ते असे की, मराठी विद्यार्थ्याला स्वतःच्या भूमीचा आणि परंपरेचा अभ्यास करण्यासाठी फ्रेंचची गरज आहे.

सर्वांत ठळक उदाहरण सतराव्या शतकाच्या इतिहासाचे आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आणि पाँडिचेरीच्या फ्रेंच वसाहतीचा संस्थापक फ्रान्स्वा मार्तँ याने आपल्या आयुष्यातील घडामोडींची विस्तृत नोंद ठेवली होती; आल्फ्रेद मार्तिनो यांनी ती संपादित करून १९३१ ते १९३४ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले, जिंजी ताब्यात आली, वेल्लोरला वेढा पडला आणि शेरखान लोदीचा पराभव झाला, त्या वेळी मार्तँ तिथून जवळच होता. पाँडिचेरीची जागा फ्रेंचांना शेरखानाच्याच कृपेने मिळालेली असल्यामुळे त्याचा पराभव हा मार्तँच्या दृष्टीने वसाहतीच्या अस्तित्वाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच त्याने जेर्मँ नावाचा आपला वकील महाराजांकडे पाठवून वसाहतीच्या सुरक्षिततेची हमी मिळवण्याचा प्रयत्न केला. या लिखाणाचे मोल त्याच्या लेखकाच्या स्थानात आहे. तो दरबारचा आश्रित नव्हता, म्हणून त्याला स्तुती करायची नव्हती. त्याला माल, पैसा आणि वखारीतील माणसे वाचवायची होती, त्यामुळे मराठी सैन्याच्या हालचाली, नव्या अंमलातील वसुली आणि बाजारावर झालेला परिणाम यांकडे त्याचे लक्ष बखरकारापेक्षा अगदी वेगळ्या कारणाने गेले. इंग्रज वखारींची पत्रे, मराठी बखरी आणि मार्तँची नोंद ही तीन साधने शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासकच त्या मोहिमेचे पूर्ण चित्र उभे करू शकेल. निवडक उताऱ्यांच्या भाषांतरावर हे काम भागत नाही, कारण कोणता उतारा महत्त्वाचा हे तेथे दुसऱ्याने आधीच ठरवलेले असते.

बार्तेलेमी कार्रे या फ्रेंच धर्मगुरूच्या १६९९ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातही शिवाजी महाराजांचा वृत्तांत आहे. त्या काळच्या फ्रेंच पुस्तकांत महाराजांचे नाव ‘सेवाजी’ असे लिहिलेले आढळते, मात्र त्यातील ‘जी’साठी इंग्रजीत ‘ग’ वाचला जाणारा वर्ण वापरलेला असतो. फ्रेंचमध्ये ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपूर्वी त्या वर्णाचा उच्चार तालव्य आणि मृदू होतो हे ज्याला ठाऊक नाही, तो हे नाव ‘सेवागी’ असे वाचेल, आणि माणसांच्या व गावांच्या अनोळखी नावांबाबत तर त्याची दिशाभूल अधिकच होईल. अठराव्या शतकात महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा बन्वा द ब्वान्य हा सेनानी सव्हॉय प्रांतातील शांबेरीचा होता आणि त्याची मातृभाषा फ्रेंच होती. त्याच्या नंतर आलेला पेराँही फ्रेंचच. उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेचा लष्करी इतिहास लिहू पाहणाऱ्याला या वर्तुळातील कागदपत्रे टाळता येणार नाहीत.

संस्कृतच्या अभ्यासकाची स्थिती वेगळी नाही. पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यावर कैयटाने ‘प्रदीप’ ही टीका लिहिली आणि त्या टीकेवर नागेशभट्टांनी ‘उद्द्योत’ लिहिला. काळे उपनावाच्या या महाराष्ट्रीय वैयाकरणाची विद्वत्ता काशीत गाजली. महाभाष्याच्या सुरुवातीच्या भागाचे या दोन्ही टीकांसह भाषांतर प्येर-सिल्व्हँ फिल्योझा यांनी केले आहे, आणि ते फ्रेंचमध्ये आहे. लुई रनू यांचे पाणिनीविषयक कामही बरेचसे याच भाषेत आहे. परंपरेच्या अभ्यासापलीकडे, गणितातही असेच घडले. अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांनी १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेने बीजगणितीय भूमिती या शाखेचा, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकृतींच्या अभ्यासाचा, पाया नव्याने घातला आणि ती मूळ फ्रेंचमध्येच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे तरुण गणिती १९५७ मध्ये पॅरिसला गेले. पुढे १९६५ मध्ये त्यांनी सिद्ध केलेले प्रमेय आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

फ्रेंच व्याकरण अवघड आहे ही समजूत बहुतांशी ते इंग्रजीच्या चष्म्यातून शिकवल्यामुळे दृढ झाली आहे. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, विशेषण नामाप्रमाणे बदलते आणि एकाच माणसाला एकवचनी व आदरार्थी अशा दोन प्रकारे संबोधता येते, या गोष्टी मराठी मुलाला घरातच ठाऊक झालेल्या असतात. त्याहून सूक्ष्म साम्य भूतकाळात आहे. ‘मुलाने पत्र लिहिले’ आणि ‘मुलाने कविता लिहिली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले की भूतकाळाचे धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेले विशेषणासारखे रूप, कर्माचे लिंगवचन घेते. दोन्हीकडे कारण एकच आहे: हे रूप मुळात विशेषण होते, मराठीत ते संस्कृतच्या ‘क्त’ प्रत्ययान्त रूपाच्या परंपरेतून आले आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. इंग्रजीमार्गे शिकणाऱ्याला जो नियम पाठ करावा लागतो, तो मराठीमार्गे शिकणाऱ्याला समजू शकतो. म्हणून मराठी माध्यमातून लिहिलेल्या उत्तम फ्रेंच व्याकरणाची गरज आहे.

आणखी एक दुवा जिवंत माणसांचा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या रोजच्या बोलण्यातील क्रिओल भाषेचा शब्दसंग्रह मुख्यतः फ्रेंचमधून आला आहे आणि तेथील प्रमुख वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये निघतात. त्या समाजाविषयी लिहिणाऱ्याने केवळ इंग्रजीतील सरकारी दप्तरावर थांबणे योग्य नव्हे.

भाषाप्रावीण्याच्या युरोपीय मोजपट्टीत सहा पायऱ्या आहेत आणि फ्रेंच माध्यमातील विद्यापीठीय शिक्षणासाठी साधारणपणे चौथी पायरी अपेक्षित असते. संशोधनासाठी मात्र आधी वाचन पुरते, संभाषण मागाहून आले तरी चालते. म्हणून इतिहास, संस्कृत, भाषाशास्त्र आणि गणित या विषयांच्या पदव्युत्तर विभागांनी केवळ वाचनासाठी असे फ्रेंचचे वर्ग सुरू करावेत, आणि बारावीपर्यंत ही भाषा शिकलेल्या विद्यार्थ्यांनी गुणपत्रिका हाती आल्यावर ती सोडून न देता या वर्गांत प्रथम नाव नोंदवावे.