दुचाकीस्वाराची रस्त्यावरील जागा

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात अस्थिरोग व अपघात विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



या विभागाने आपल्यापुढे केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त ठेवावा, अशी प्रथा आहे. आज मात्र, जे रुग्ण आमच्यापर्यंत येऊच नयेत असे आम्हांस मनापासून वाटते, त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांत शंभरांमागे सुमारे ४४ दुचाकीवरील होत्या. यांतील बहुतेक जण ऐन उमेदीच्या, कमावत्या वयाचे. जे वाचतात, त्यांची वाटही सोपी नसते. नडगीचे हाड पुढच्या बाजूने केवळ त्वचेखाली असते. तेथे रक्तपुरवठा बेताचा असल्याने जखम उघडी असेल तर हाड जुळण्यास सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. हाड निदान जोडता येते. मेंदूला झालेली इजा मात्र कोणतीही शस्त्रक्रिया पूर्णपणे पुसून टाकू शकत नाही.

मोटारीतील माणसाभोवती पत्र्याचे कवच असते. दुचाकीस्वाराभोवती ते नसते. रस्त्यावर त्याने निवडलेली जागा आणि चहूबाजूंनी राखलेले अंतर, हेच त्याचे कवच होय.

ही जागा कोणती? नियमाप्रमाणे आपण डावीकडून चालतो, परंतु डावीकडे म्हणजे डांबराच्या अगदी काठावर नव्हे. काठावर खडी, वाळू, खचलेली साइडपट्टी असते. उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडते. मागचा वाहनचालकही, जागा आहे असे समजून, आपल्याला घासून पुढे जाऊ पाहतो. म्हणून आपल्या मार्गिकेत काठापासून पुरेसे आत, दोन्ही बाजूंना सरकता येईल असे चालावे. मध्यरेषेला चिकटून चालणेही तितकेच घातक, कारण समोरून येणाऱ्या वाहनाचा एखादा चुकार हेलकावा तेथे प्राणावर बेततो. घाटातील वळणावर तर हँडल मध्यरेषेवर जाता कामा नये.

पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढचे वाहन एखादे झाड वा खांब ओलांडताच मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजावे. तेवढ्यात आपण त्या खुणेपाशी पोहोचलो तर अंतर अपुरे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर. पावसात ते दुप्पट करावे. ट्रकच्या पाठीला चिकटून चालणाऱ्यास चाकांखालून निघणारा खड्डा शेवटच्या क्षणी दिसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या ट्रकचे आरसे आपल्याला दिसत नाहीत, त्या ट्रकच्या चालकाला आपणही दिसत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे ट्रकची डावी बाजू त्याच्या दृष्टीआड राहते. ट्रक आणि काठ यांच्यामधल्या फटीतून डावीकडून पुढे घुसणे म्हणजे चाकाखाली जाण्याची तयारी करणे होय.

आता पुढे काढण्याचा, म्हणजेच ओव्हरटेकचा, हिशेब मांडू. दुपदरी रस्त्यावर १० मीटर लांबीचा ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि आपण ७० च्या वेगाने तो ओलांडत आहोत. मागे व पुढे २० मीटरचे अंतर धरले, तर आपल्याला ट्रकपेक्षा ५० मीटर अधिक कापावे लागतात. त्यास नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण १७५ मीटर जातो. समोरून ८० च्या वेगाने येणारी मोटार त्याच वेळेत २०० मीटर जवळ येते. म्हणजे पावणेचारशे मीटर रस्ता डोळ्यांना स्वच्छ मोकळा दिसला पाहिजे. मागे पत्नी, पुढे मूल आणि हँडलला पिशव्या असतील, तर गाडी वेग हळू घेते व हे अंतर आणखी वाढते. या साहसातून मिळते काय? पुढच्या पाच किलोमीटरांत जेमतेम पावणेदोन मिनिटे.

म्हणून वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, चौकात आणि अखंड पांढऱ्या रेषेवर पुढे काढू नये. ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नये. कोणी तो ‘जा’ म्हणून लावतो, तर कोणी खरोखरच उजवीकडे वळणार असतो. एका वाहनाच्या आडोशाने दुसऱ्याने पुढे काढणे तर सर्वस्वी टाळावे, कारण पहिल्याला दिसलेला मोकळा रस्ता दुसऱ्यासाठी उरलेला नसतो. आपल्याकडे उसाच्या हंगामात रात्री विशेष सावध असावे. ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात, बाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे झाकलेले असतात आणि एक ट्रॉली ओलांडल्यावर दुसरी दिसते. शंका आली की मागे राहावे. मागे राहण्यात कमीपणा नाही.

हेल्मेट चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही कायद्याने आवश्यक आहे. त्यावर आय.एस.आय. खूण असावी आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके आपटण्यापूर्वीच निसटते.

शेवटी रुग्णांच्या आप्तजनांना एक विनंती. घरचा माणूस गाडीवर निघाला की ‘लवकर ये’ म्हणू नका आणि तो वाटेत असेल त्या वेळी फोन करू नका. उशिरा आलेल्यावर रागावू नका. त्याने कदाचित एखाद्या ट्रकमागे शांतपणे वाट पाहिली असेल. देणगीदार बंधुभगिनींच्या औदार्यामुळे येथे शस्त्रक्रिया होतात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आपल्या कारखान्यात, दुकानात, संस्थेत दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येकापर्यंत हा नऊ सेकंदांचा हिशेब आपण पोहोचवलात, तर त्या दानाचे मोल आमच्या दृष्टीने शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या दानाहून उणे ठरणार नाही.