बांध सर्वांचा, मळा सर्वांचा
(नागरी वस्तीतील सामुदायिक शेतीविषयी एक भाषण)



शेती म्हटली की खेडे आणि नगर म्हटले की कारखाना, कचेरी व आगगाडी, अशी विभागणी आपल्या मनात पक्की झालेली आहे. कोपरला आले की ही विभागणी किती तकलादू आहे हे ध्यानात येते. दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये वसलेल्या या ठिकाणी एका बाजूस उल्हास खाडी आहे, दुसऱ्या बाजूस दाट वस्ती आहे आणि मधून लोहमार्ग गेलेला आहे. कोपर, आयरे, भोपर या गावांतील आगरी आणि कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजणात भात पिकविले व खाडीत मासेमारी केली. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरले. आज त्याच जमिनीवर इमारती उभ्या आहेत. जमीन गेली, पण तिच्यावर राबणाऱ्यांचे ज्ञान अजून हयात आहे. ते उपयोगात आणण्यास किती अवधी उरला आहे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

जुन्या व्यवस्थेचा धडा

सामुदायिक शेती ही कल्पना या भागास परकी नाही. खाजणातील शेती मुळातच सामुदायिक असे. उधाणाचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरून मातीचा बांध घालावा लागे. एका ठिकाणी बांध फुटला तर पाणी सर्वांच्याच शेतात शिरे आणि मिठाने मारलेली जमीन पूर्ववत होण्यास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागे. त्यामुळे बांधाची डागडुजी हे सर्वांचे काम मानले जाई. ठाणे व कुलाबा भागातील 'शिलोत्री' पद्धतीत बांधाच्या देखभालीसाठी धान्याच्या रूपाने वाटा घेतला जाई. पुढे शासनाने १९४८ मध्ये व नंतर १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदे केले. त्यांच्या मुळाशीही बांध हा सामायिक असतो हेच तत्त्व आहे.

नगरातील सामुदायिक मळ्याचे गमक हेच आहे. वाफा ज्याचा त्याचा असू शकेल. परंतु पाणी, खत, बियाणे आणि राखण ही सामायिक असावी लागतात. ज्या मळ्यात हा 'बांध' नसतो, तो पहिल्या हंगामाच्या उत्साहानंतर ओस पडतो.

देशात आणि परदेशात

१९४० च्या दशकात अन्नटंचाईच्या काळात 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम देशभर झाली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून नागरिकांपुढे उदाहरण घालून दिले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्यूबाला इंधन व रासायनिक खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरात मोकळ्या जागांवर उंच वाफे बांधून सेंद्रिय भाजीपाला पिकविण्यात आला. केरळमध्ये १९९८ पासून चालू असलेल्या कुटुंबश्री उपक्रमात स्त्रियांचे गट एकत्र येऊन खंडाने घेतलेल्या जमिनी कसतात.

महाराष्ट्रात या विचारास शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्याकडे जाते. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने सामान्य शेतकऱ्यास संशोधक मानले आणि थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग करून, कुटुंबापुरते पीक कसे काढावे हे शिकविले. याच विचाराच्या आधारे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मळा फुलविला. स्वयंपाकगृहातील ओला कचरा गच्चीवरच मुरवून त्यावर फळझाडे व भाज्या वाढविण्यात आल्या. जमिनीचा तुकडाही नसताना जे साधले, ते जमीन असलेल्यांना अशक्य मानण्याचे कारण नाही.

मळ्याचा दिनक्रम

असा मळा प्रत्यक्ष चालतो कसा, हे थोडे तपशिलाने पाहू. निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. वाफ्याची रुंदी तीन ते चार फूट ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती पायाखाली तुडविली जात नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाऊस कोसळतो. म्हणून वाफे जमिनीपासून वीतभर उंच असावेत आणि पाण्यास वाट असावी.

पावसाळ्यात मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ आणि कारली घ्यावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'शीतल' काकडी व 'कोकण तारा' कारली या हवामानास मानवतात. हिवाळ्यात वाल, मुळा, वांगी, मेथी व कोथिंबीर घ्यावी. उन्हाळ्यात पाण्याची सोय असल्यास लाल माठ व भेंडी घ्यावी. माठ व मेथी महिन्याभरात काढणीस येतात. नवशिक्या गटाचा हुरूप टिकविण्यास त्यांनीच प्रारंभ करणे इष्ट.

खतासाठी घरोघरचा ओला कचरा हाच कच्चा माल होय. एक थर ओल्या कचऱ्याचा, त्यावर त्याहून जाड थर वाळलेल्या पाल्याचा आणि मूठभर जुने खत, अशी रास रचावी. मूठ दाबली असता हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, एवढीच ओल राखावी. आठवड्यास एकदा रास चाळवली म्हणजे दुर्गंधी येत नाही. दाभोळकरांच्या परंपरेतील अमृतजलाची कृतीही सोपी आहे : एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवावे, अधूनमधून ढवळावे आणि दहापट पाणी मिसळून झाडांना द्यावे. किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो.

कामाची वाटणी लेखी असावी. चौदा कुटुंबांचा गट असेल तर रोज दोन कुटुंबे, म्हणजे प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदाच येते. पाणी, निंदणी, राशीची निगा व काढणी यांची नोंद एका वहीत व्हावी. पहिल्या जोमदार वेलावरचे फळ बियाण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम सर्वांनी पाळावा. बियाणे कसे राखेत घोळवून ठेवावे, कोणत्या नक्षत्रावर काय पेरावे, हे गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. त्यांना या मळ्यात मान्यवर शिक्षकांचे स्थान असले पाहिजे.

माती आणि पाणी : दुर्लक्ष नको

आता एका गंभीर विषयाकडे वळतो. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रुळांलगतच्या मोकळ्या जमिनी आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिल्या. त्यामुळे अतिक्रमणास आळा बसला व कर्मचाऱ्यांना जोडउत्पन्न मिळाले. परंतु अनेक ठिकाणी हे मळे नाल्याच्या पाण्यावर पोसले गेले आणि त्यांवर रास्त आक्षेप घेण्यात आला. औद्योगिक सांडपाण्यात शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. पालेभाज्या ते फळभाज्यांपेक्षा अधिक शोषून घेतात. भाजी धुतल्याने माती व काही जंतू निघून जातील. झाडाच्या अंगात गेलेला धातू धुतल्याने निघत नाही.

डोंबिवलीस १९६४ पासून औद्योगिक वसाहत आहे. म्हणून या परिसरात मळा सुरू करण्यापूर्वी माती व पाणी यांची तपासणी करून घेणे हे पहिले कर्तव्य समजावे. त्यात जड धातूंची तपासणी आवर्जून मागावी. नेहमीच्या माती परीक्षणात ती असतेच असे नाही. खाडीलगतच्या जमिनीत क्षारही पाहावेत. शंका असेल तेथे बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीचे उंच वाफे करावेत आणि पालेभाज्या टाळाव्यात. नाल्याचे पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. मुलांच्या ताटात विष वाढणारा मळा नसलेला बरा.

आपली जबाबदारी

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. परिसरातील २७ गावे तिच्यात आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अशा स्थित्यंतरांत गावठाणालगतच्या मोकळ्या जागांचा वाली कोण, हे अनिश्चित राहते, आणि जिला वाली नाही ती जागा प्रथम उकिरडा होते. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे कृषी हा विषय आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आहेत, परंतु नागरी शेती हा स्वतंत्र विषय नाही. तरीही 'उद्यान' या शब्दात भाजीचा मळा बसविण्यास कल्पक अधिकाऱ्यास अडचण पडू नये.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले आणि कल्याणची आधारवाडी क्षेपणभूमी २०२१ मध्ये बंद झाली. ओला कचरा वस्तीतच जिरविणे आता गरजेचे झाले आहे. त्यास मळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

म्हणून अधिकारी बांधवांना विनंती की, आरक्षित पण पडीक असलेल्या एखाद्या भूखंडाचा निदान तीन वर्षांचा लेखी परवाना गटास द्यावा. उद्या काढून घेतील या भीतीने कोणी जमिनीस खत घालीत नाही. शिक्षकांनी शाळेच्या आवारात दोन वाफे करावेत आणि मोजमाप, नोंदी व विज्ञान यांचे पाठ तेथेच द्यावेत. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील जुनी बियाणी व ती जाणणाऱ्या व्यक्ती यांची यादी या पावसाळ्यापूर्वी तयार करावी. हे काम पैशांवाचून अडणारे नाही. विलंबाने मात्र कायमचे अडेल, कारण जाणती पिढी थकत चालली आहे.

खाजणाचा बांध आपल्या पूर्वजांनी एकमेकांच्या भरवशावर राखला. तोच भरवसा नगरात पुन्हा निर्माण करता आला, तर चार वाफे भाजीहून मोठे पीक आपल्या पदरी पडेल.