हसण्याची किंमत कोण देतो?



वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, शेतीवर बोलावे. चावट विनोदावर व्याख्यान कशाला, असे कुणाच्या मनात आले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु ज्या गोष्टीला समाज चारचौघांत नाक मुरडतो आणि आडोशाला खदखदून हसतो, तिचा विचार चारचौघांतच व्हावा, असे आम्हांस वाटते.

वाह्यात विनोद आजकालच्या पोरांनी आणला, असे म्हणतात. मग शिमगा कुणी आणला? होळीला तोंड मोकळे सोडण्याची रीत वाडवडिलांचीच. लग्नात विहिणीला गाण्यातून टोमणे मारणाऱ्या बायका आपल्याच घरच्या. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांतली एक सून भवानीपुढे सासरच्या माणसांचे वाटोळे मागते, आणि ऐकणारी सासूही हसते! मात्र या साऱ्याला कुंपण होते. शिमग्याचे बोलणे शिमग्यापुरते, विहिणीची थट्टा मांडवापुरती. आणि एका पक्षाने गायिले की दुसरा पक्ष उलट गाई. थट्टा होई, तशी फेडही होई.

तमाशात ही फेड नव्हती. फडावरचा सोंगाड्या राजापासून शिपायापर्यंत सर्वांची टोपी उडवी, ते योग्यच होते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही लावणीला गर्दी लोटते. पण हसणारा प्रेक्षक धोतर झटकून घरी जाई आणि बदनामी राही ती नाचणारीच्या पदरी. विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या वारल्या. हसलो आपण, टाळ्या पिटल्या आपण. किंमत मात्र त्यांनी दिली.

हाच तमाशा १९७१ साली 'सोंगाड्या'तून पडद्यावर आला. कथा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे आणि नाम्या झाले दादा कोंडके. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो म्हणून आई त्याला घराबाहेर काढते. ज्या करमणुकीला घर निषिद्ध मानते, तिचाच हा चित्रपट अवघ्या घराने जाऊन पाहिला! पुढे दादांच्या नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांची युक्ती साधी होती. शब्द निर्मळ ठेवायचा आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात उगवू द्यायचा. सेन्सॉरने कात्री लावावी ती कशाला? पडद्यावरचा शब्द सोवळाच. ओवळा झाला तो ऐकणारा.

नाम्या स्वतःच्या बावळटपणावर हसवतो, तोवर आम्ही दादांच्या बाजूचे आहोत. पुढच्या काही चित्रपटांत विनोद बाईच्या अंगाभोवतीच घुटमळू लागला आणि तिला उलट उत्तर उरले नाही, तेथे आम्ही त्यांची बाजू सोडतो.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला 'एआयबी नॉकआउट' नावाचा कार्यक्रम झाला. करण जोहर सूत्रधार. रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर या नटांची भर सभेत शिवराळ टिंगल झाली आणि त्यांनीही टोल्याला टोला दिला. नट राजीखुशीने आलेले, प्रेक्षक तिकीट काढून बसलेले. तोवर ती मांडवातली थट्टा होती. पण तिचे चित्रीकरण इंटरनेटवर आले आणि घराघरांत पोहोचले. कुंपण तुटले. गहजब झाला, तक्रारी पोलिसांत गेल्या आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते चित्रीकरण मागे घ्यावे लागले.

त्यातली भाषा आम्हांला रुचत नाही. पण न रुचणे वेगळे आणि अन्याय वेगळा. ज्याची टिंगल झाली तो हसत उठून उलट बोलू शकत असेल, तर तेथे पोलिसाचे काम काय? ज्याला नको त्याने पाहू नये.

खरा अन्याय जेथे होतो तेथे शिवी नसतेही. पारावर कुणाच्या जातीवरून कोटी होते; हळदीच्या घरात नवरीच्या काळ्या रंगावर हशा पिकतो; मूल नसलेल्या बाईला आडून टोमणा मारला जातो. शब्द सगळे सभ्य! त्यावर कुणी फिर्याद करीत नाही, सेन्सॉर बसत नाही. ज्याच्यावर हसले जाते तो मान खाली घालून आपल्याबरोबर हसतो, कारण न हसून जगायचे कसे, हा त्याच्यापुढे प्रश्न असतो.

तेव्हा श्रोतेहो, विनोद सोवळा की ओवळा हे शब्दावरून ठरवू नका. ज्याच्यावर हसलो त्याला उलट बोलायची मुभा होती काय, एवढे पाहा. मुभा असेल तर शिमगाही निर्मळ आहे. नसेल, तर पारावरची सभ्य कोटीही अश्लीलच आहे, आणि ती थांबवायला कायदा येणार नाही. ते काम त्या वेळी न हसणाऱ्या माणसाचे आहे.