कॅमेऱ्याला मन दिसत नाही



तुमच्या पटकथा मी वाचल्या. बहुतेकांत एक वाक्य आहेच : 'त्याच्या मनात अपमानाची आग पेटते.' मला सांगा, कॅमेऱ्याला मन दिसतं काय? त्याला दिसतो हात, भिंत, डुक्कर, दगड. मग आग पेटली हे बघणाऱ्याला कळायचं कशावरनं?

नागराज मंजुळेंचा २०१३चा 'फँड्री' घ्या. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याचं घरदार डुकरामागं पळतंय. गाव फिदीफिदी हसतंय. डुक्कर तावडीत येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या उभा राहतो. बापही उभा राहतो. डुक्कर मात्र उभं राहत नाही, ते निघून जातं. संवाद एक नाही. आपल्याला हसू येतं आणि तिथंच घशात अडकतं.

पुढं मेलेलं डुक्कर काठीला टांगून न्यायचंय. मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेत. पुढनं डुक्कर चाललंय. कुणी भाषण ठोकत नाही. एका चौकटीत दोन गोष्टी समोरासमोर आणल्या, त्यांचं भांडण लावलं, आणि लेखक बाजूला झाला. भावना त्या भांडणातनं पेटते, विशेषणांतनं नव्हे.

जब्याला शालू आवडते. ते तो तिला बोलत नाही. तो काळ्या चिमणीमागं रानोमाळ हिंडतो, तिची राख शालूवर टाकायची म्हणून. त्याची आस आपल्याला अशी उडताना दिसते.

आता मुद्द्याचं. आपलं दुःख पडद्यावर नव्यानं आलेलं नाही. १९३६च्या 'अछूत कन्या'त कस्तुरी रेल्वेखाली मरते. बघणाऱ्यानं डोळे पुसावेत आणि निवांत घरी जावं. असली दया आपल्या काय कामाची? 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर. म्हणजे खुर्चीतल्या तुमच्या-माझ्यावर. हसणाऱ्या गावात आपणही बसलो होतो, हे तेव्हा कळतं. कागदावर ही केवढी गोष्ट? एक पोरगं दगड मारतं. पण कुठनं बघायचं हे ठरलं, आणि दयेची जागाच गेली.

तेव्हा घरी जा, 'त्याला वाटतं' असं जिथं जिथं लिहिलंय तिथं काट मारा. त्या वेळी त्याच्या हातात काय होतं, समोर कोण उभं होतं, ते लिहा. आणि बघणारा कुठं बसलाय, तेही तुम्हीच ठरवा. त्याला आरामात बसू देऊ नका.