वारूळ आणि उसाचा फड

(बारामती-इंदापूर परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



निसर्गात ‘बळी तो कान पिळी’ हाच एक नियम चालतो, असे आपणांस शाळेपासून शिकविले जाते. भांडवलशाहीला हे शिक्षण सोयीचेच आहे. क्रोपोटकिनने 1902 साली परस्पर साहाय्यावरील आपल्या ग्रंथात त्याचे खंडन केले. 2018 साली युरोपातील शास्त्रज्ञांनी त्याला नवा पुरावा दिला. त्यांनी काळ्या मुंग्यांच्या वसाहतींत काही मुंग्यांना रोगकारक बुरशीची लागण केली. या मुंग्या वारुळाबाहेर अधिक काळ राहू लागल्या. परंतु निरोगी मुंग्यांनीही आपले वागणे बदलले. दाया मुंग्यांनी पिलांना खोल आत हलविले, गटागटांतील संपर्क घटला आणि राणी बचावली. (वारुळात राणी असते म्हणून कोणी राजेशाहीचे समर्थन करू नये!)

आता आपला फड पाहा. नीरा डाव्या कालव्याने पाणी आणले, ऊस आला, सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. ऊस तोडण्यास मात्र माणसे येतात बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून. नवराबायकोच्या जोडीला आपण ‘कोयता’ म्हणतो, म्हणजे माणसाला हत्याराचे नाव. उचल आधीच अंगावर असते; तापामुळे काम थांबले की मुकादम खाडा लावतो. मुंगीला आजारात बाजूस राहता येते, आपल्या फडात तो दंडनीय अपराध ठरतो. शासनाच्या 2019 च्या समितीला बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडू नये, हे त्यामागील एक कारण होते.

कायदा काय करतो? 1948 च्या राज्य विमा कायद्याने कामगारास आजारपणाचा भत्ता दिला. पण हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांच्या व्याख्येत साखर स्पष्टपणे घातली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने या विम्याबाहेरच ठेवले. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, मुकादम म्हणतो पैसा कारखान्याचा. आजाराचा खर्च अखेर कोयत्याच्याच माथी येतो.

आपल्यापैकी पुष्कळजण या कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावर तासन्‌तास बोलले जाते, ते रास्तच आहे. त्याच सभेत खाडा बंद करण्याचा आणि आजारपणाच्या दिवसांची मजुरी प्रतिटन आकारणीतून देण्याचा ठराव मांडा. गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी तो मंजूर झाला पाहिजे.