जुन्या पिकअपला पॉवर स्टिअरिंग

दीपनगर, भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात भरलेली जुनी पिकअप वळवताना खांदे भरून येतात. पॉवर स्टिअरिंगने हे कष्ट कमी होतात. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. 1951 साली क्रायस्लरने ही सोय विक्रीच्या मोटारीत आणली. जुन्या गाडीत ती बसवताना पंप, स्टिअरिंग बॉक्स आणि नळ्या एकमेकांना जुळणाऱ्याच हव्यात. बॉक्स जिथे बसतो तिथली चॅसी गंजलेली नको. किंगपिन, टाय रॉडचे सांधे झिजले असतील, तर आधी ते बदला. पट्टा तुटला की स्टिअरिंग एकदम जड होतं, म्हणून तो नियमित तपासा. कामाला हात घालण्याआधी असा बदल चालेल का, हे आरटीओ कार्यालयात नक्की विचारा.